जुन्या रिसीव्हरची पारख

घरात संगीत ऐकण्याची नीट व्यवस्था लावावी अशी ज्याची मनापासून इच्छा आहे, ज्याच्या कपाटात मागल्या पिढीच्या ध्वनिमुद्रिका अजून शाबूत आहेत, आणि बाजारात मिळणारी नवी यंत्रे पाहून ज्याचे समाधान होत नाही, असा रसिक आज ना उद्या चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या स्टिरिओ रिसीव्हरच्या प्रश्नापाशी येऊन पोहोचतो. आणि तेथे त्याची पहिली गाठ पडते ती नावांच्या गर्दीशी. मॅरांट्झ, पायोनियर, सान्सुई, यामाहा, केनवुड, हार्मन-कार्डन, फिशर यांपैकी प्रत्येक नावामागे निष्ठावंतांचा एकेक पंथ उभा असून, आपल्या पंथाचा ध्वनी हाच काय तो खरा ध्वनी, अशी प्रत्येकाची श्रद्धा आहे. या वादाचा आढावा घेताना माझे मत आरंभीच नमूद करून ठेवतो. रिसीव्हरच्या निवडीत नावाचे स्थान दुय्यम आहे. यंत्र आज कोणत्या अवस्थेत आहे, उद्या बिघडले तर ते दुरुस्त होण्याजोगे आहे काय, आणि ज्या स्पीकरांना व ज्या खोलीला त्याची सेवा करावयाची आहे त्यांना ते अनुरूप आहे काय, या तीन गोष्टींची खातरजमा झाल्याखेरीज नावाचा विचारच करू नये.

रिसीव्हर म्हणजे एकाच पेटीत बसविलेली तीन यंत्रे होत : नभोवाणीचे प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर, तबकडीवरील सुईकडून येणाऱ्या अत्यंत क्षीण विद्युत्संकेताला योग्य पातळीवर आणणारा प्रीॲम्प्लिफायर, आणि स्पीकरचा पडदा हलविण्याइतकी शक्ती पुरविणारा पॉवर ॲम्प्लिफायर. १९६१ साली अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने एफ.एम. नभोवाणीवर स्टिरिओ प्रक्षेपणास मंजुरी दिली, आणि ही तीन यंत्रे एकत्र असावीत ही मागणी तेव्हापासून वाढीस लागली. पहिला मान व्हॉल्व्हच्या यंत्रांचा होता; स्वतः हौशी व्हायोलिनवादक असलेल्या एव्हरी फिशर यांच्या कारखान्यातील ५००-सी हे त्या पिढीचे उत्तम उदाहरण. पुढे न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधील संगीतगृहास फिशर यांनी मोठी देणगी दिली आणि १९७३ पासून दीर्घकाळ ते संगीतगृह त्यांच्या नावाने ओळखले गेले. व्हॉल्व्हचा रिसीव्हर आजही फार गोड वाजतो. तथापि त्याचा उष्मा, त्यातील ७५९१ जातीच्या व्हॉल्व्हचा खर्च आणि आत खेळणारा काही शे व्होल्टचा विद्युत्दाब पाहता, ज्याचा हा पहिलाच रिसीव्हर आहे अशा गृहस्थास मी त्याची शिफारस करणार नाही.

या कलेचे केंद्र अमेरिकेतून जपानकडे कसे सरकले हे मॅरांट्झच्या उदाहरणावरून उत्तम समजते. सॉल मॅरांट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये अत्यंत निगुतीने, खर्चाकडे न पाहता यंत्रे घडविली. १० बी नावाच्या त्यांच्या ट्यूनरच्या विकासावर इतका पैसा खर्ची पडला की १९६४ साली त्यांना आपली कंपनी सुपरस्कोप या संस्थेच्या हवाली करावी लागली. सुपरस्कोपने उत्पादन क्रमाक्रमाने जपानमध्ये नेले, आणि १९७१ च्या सुमारास निघालेली २२७० व तिची भावंडे, म्हणजे ज्यांच्या निळसर प्रकाशाच्या पट्टीवर आज लोक भाळतात ती यंत्रे, याच व्यवस्थेतून बाहेर पडली. याच काळात व्हिएतनाम युद्धाच्या निमित्ताने पॅसिफिक प्रदेशात तैनात असलेल्या अमेरिकी सैनिकांना लष्करी भांडारांतून जपानी रिसीव्हर स्वस्तात मिळू लागले आणि मायदेशी परतताना ते त्यांच्याबरोबर अमेरिकेच्या घराघरांत गेले. या भांडारांसाठी बनविलेल्या यंत्रांच्या पाठीवर निरनिराळ्या देशांच्या विद्युत्दाबाप्रमाणे जुळवणी करण्याची सोय असे. आपल्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे, म्हणून तिच्याकडे पुढे पुन्हा वळेन.

या सर्व इतिहासात ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची तारीख कोणती असेल तर ती ४ नोव्हेंबर १९७४ ही होय. तोपर्यंत ॲम्प्लिफायरची शक्ती किती, हे सांगण्याच्या बाबतीत कारखानदारांना जवळजवळ मोकळे रान होते. कोणी क्षणिक शिखराचा आकडा देई, कोणी दोन्ही वाहिन्यांची बेरीज करी, कोणी 'संगीतशक्ती' नावाचे एक लवचीक माप वापरी, आणि परिणामी ज्या यंत्रातून सलग वीस वॅटही निघत नसत त्याच्या पेटीवर शंभराचा आकडा बिनदिक्कत छापला जाई. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने त्या दिवशी अंमलात आणलेल्या नियमाने या अंदाधुंदीस आळा घातला. दोन्ही वाहिन्या एकाच वेळी चालू असताना, सांगितलेल्या रोधाच्या भारावर, सांगितलेल्या कंपनसंख्यांच्या पट्ट्यात आणि सांगितलेल्या विकृतीच्या मर्यादेत जी शक्ती सलग मिळेल तीच जाहीर करावी, असा त्याचा आशय होता. त्यातले सर्वांत कठोर कलम मात्र निराळेच होते : मोजणीपूर्वी यंत्र निर्दिष्ट शक्तीच्या एकतृतीयांशावर एक तासभर चालवून तापवावयाचे. साध्या माणसास वाटेल की एकतृतीयांश शक्ती म्हणजे विश्रांतीच. परंतु या जातीच्या ॲम्प्लिफायरमध्ये शक्तीचा अपव्यय, म्हणजे ट्रान्झिस्टरांत उत्पन्न होणारी उष्णता, पूर्ण शक्तीपेक्षा अशा मधल्या पातळीवरच अधिक असते. त्यामुळे ज्याला आपला आकडा टिकवावयाचा होता त्याला मोठे ट्रान्सफॉर्मर, भरभक्कम कंडेन्सर आणि पंखांसारखे पसरलेले ॲल्युमिनियमचे उष्माशोषक बसविण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९७५ ते १९७८ या काळातील रिसीव्हर उचलताना जो भार हाताला जाणवतो त्याचे एक मोठे कारण हे कलम आहे, आणि त्या काळातील यंत्रांना मी जी पसंती देतो तिचेही.

मात्र ज्या नियमाने सचोटी आणली त्यानेच एका निरर्थक शर्यतीलाही बळ दिले. आकडे आता खरे होते, म्हणून ते अधिकच मिरविण्याजोगे झाले. पायोनियरने १९७६ मध्ये १६० वॅटचा एसएक्स-१२५० आणि दोनच वर्षांत २७० वॅटचा एसएक्स-१९८० आणला. मॅरांट्झचा २६०० हा ३०० वॅटचा, आणि टेक्निक्सचा एसए-१००० त्याच्याही पुढे ३३० वॅटपर्यंत गेला. या महाकाय यंत्रांची आज जी किंमत मागितली जाते ती संग्राहकाची किंमत आहे, श्रोत्याची नव्हे. कारण श्रवणाचे गणित असे आहे की शक्ती दुप्पट केली तरी ध्वनीची पातळी केवळ तीन डेसिबलने वाढते, आणि आवाज कानाला दुप्पट वाटावयाचा तर शक्ती सुमारे दसपट लागते. पायोनियरच्याच १९७८ च्या मालिकेतील ४५ वॅटचा एसएक्स-७८० आणि २७० वॅटचा एसएक्स-१९८० यांच्यात शक्तीचे अंतर सहापट असले तरी ध्वनीतील अंतर आठ डेसिबलही भरत नाही. एका वॅटला एक मीटरवर ९० डेसिबल देणारा सर्वसाधारण स्पीकर घेतला तर सोळा वॅटमध्ये तो १०२ डेसिबलपर्यंत जातो. आपल्या शहरांतील दहा-बारा फुटांच्या खोलीत तितक्या आवाजात ख्यालगायन ऐकणे कानास आणि शेजाऱ्यांस दोहोंसही सोसणार नाही. म्हणून पंचवीस ते साठ वॅटचा रिसीव्हर बहुतेक घरांना पुरून उरतो. अपवाद दोनच. स्पीकर फारच मंदसंवेदी असेल, किंवा त्याचा रोध चार ओहमच्या खाली उतरत असेल, तर मोठ्या ट्रान्सफॉर्मरचे यंत्र घ्यावे. आणि चार ओहमच्या स्पीकरांच्या दोन जोड्या एकदम लावण्याचा मोह तर कोणत्याही जुन्या यंत्राच्या बाबतीत टाळावा.

उतरती कळा लवकरच लागली. १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा ठरलेला दर होता. १९७८ मध्ये तो दोनशेच्याही खाली आला आणि जपानी मालाची अमेरिकेतील स्वस्ताई संपली. खर्च आवरण्यासाठी जाड पत्र्याच्या जागी प्लॅस्टिक आले, काट्याच्या ट्यूनरच्या जागी आकडे दाखविणारे ट्यूनर आले, आणि सुट्या ट्रान्झिस्टरांच्या जागी अनेक भाग एकत्र सीलबंद केलेले एसटीके जातीचे तुकडे आले. हे तुकडे वाजावयास वाईट होते असे मुळीच नाही. अडचण ही की तो तुकडा एकदा जळाला की आत हात घालता येत नाही. मूळ उत्पादन बंद झालेले, आणि बाजारात त्याच छापाचे बनावट नग मुबलक. वर उल्लेखिलेला एसएक्स-७८० हा दिसावयास देखणा आणि वाजावयास समाधानकारक असूनही त्याच्या अंतिम टप्प्यात असेच सीलबंद तुकडे आहेत, म्हणून त्याच घराण्यातील त्याच्या आधीच्या पिढीच्या, सुट्या ट्रान्झिस्टरांच्या यंत्रांना मी वरचे स्थान देईन.

आता नावांकडे वळू. मॅरांट्झच्या २२०० मालिकेला जी लोकप्रियता लाभली तिच्यात त्या निळ्या उजेडाचा आणि बोटाखाली आडवे फिरणाऱ्या ट्यूनिंगच्या जड चाकाचा वाटा मोठा आहे. यंत्रे चांगलीच आहेत, परंतु त्यांचे मोल आता गुणांपेक्षा कीर्तीने ठरते, आणि तितक्याच पैशांत दुसऱ्या नावाचे अधिक सुस्थितीतील यंत्र सहज मिळते. पायोनियरचा विशेष हा की त्याची यंत्रे असंख्य खपली. त्यामुळे त्यांची सेवापुस्तिका, सुटे भाग आणि जाणकार तिन्ही मिळणे सोपे जाते. सान्सुई हा मुळात ट्रान्सफॉर्मर बनविणारा कारखाना, आणि त्याच्या १९७५ च्या सुमाराच्या ९०९० मध्ये ते जुने कौशल्य दिसते; मात्र त्या काळच्या सान्सुईत, तसेच इतरही काही जपानी यंत्रांत, मोठे भाग पक्के बसविण्यासाठी जो पिवळसर गोंद वापरला तो कालांतराने तपकिरी होऊन वीजवाहक बनतो आणि आसपासचे तारांचे पाय खाऊन टाकतो, हे ध्यानात ठेवून पेटी उघडून पाहिल्याविना सान्सुई घेऊ नये. केनवुड, ज्याचे मायदेशी नाव ट्रिओ, त्याचे ट्यूनर विशेष नावाजलेले. हार्मन-कार्डनचे ४३० आणि ७३० हे अनुक्रमे २५ व ४० वॅटचे, पण दोन्ही वाहिन्यांना स्वतंत्र वीजपुरवठा देणारे. शक्तीच्या शर्यतीकडे पाठ फिरवून ध्वनीच्या नेमकेपणाकडे लक्ष पुरविणाऱ्या या विचारपद्धतीबद्दल मला मोठा आदर वाटतो.

आणि यामाहा. हार्मोनियमसदृश वाद्यांच्या घडणीतून वर आलेल्या या घराण्याच्या सीआर मालिकेत, विशेषतः ३५ वॅटच्या सीआर-६२० पासून ७० वॅटच्या सीआर-१०२० पर्यंतच्या यंत्रांत, एक गोष्ट अशी आहे की जी इतरांकडे क्वचितच सापडते. आवाज मंद केला की मानवी कान खर्ज आणि तार स्वरांना अधिक बहिरा होतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखविले होते. ही तूट भरून काढण्यासाठी बहुतेक रिसीव्हरांत 'लाउडनेस' नावाचे एक बटण असते, पण ते एकतर पूर्ण चालू वा पूर्ण बंद, त्यामुळे तानपुऱ्याचा खर्ज कधी अकारण फुगतो तर कधी हरवतो. यामाहाने त्याऐवजी हळूहळू फिरविता येणारी खुंटी दिली. रात्री घरची माणसे निजल्यावर मंद आवाजात गाणे ऐकण्याची ज्याला सवय आहे त्याच्यासाठी ही खुंटी शंभर वॅटहून अधिक मोलाची आहे.

परंतु अमुक घराण्याचा ध्वनी 'उबदार' आणि तमुकाचा 'कोरडा' या विधानांची कितपत रुजवात होते? १९८७ मध्ये 'स्टिरिओ रिव्ह्यू' या अमेरिकी मासिकाने घेतलेल्या चाचणीत एका साध्या पायोनियर रिसीव्हरपासून अतिशय महागड्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरपर्यंतची यंत्रे पडद्याआड, समान पातळीवर वाजविण्यात आली, आणि कोणते यंत्र वाजत आहे हे श्रोत्यांना विश्वासाने ओळखता आले नाही. ही चाचणी अंतिम आहे असे माझे म्हणणे नाही. तरीसुद्धा सुस्थितीतील दोन रिसीव्हरांमध्ये जो फरक ऐकू येतो त्याचा पुष्कळसा भाग सुरांच्या खुंट्या, लाउडनेसचे बटण आणि म्हातारे झालेले कंडेन्सर यांच्या पदरात टाकावा लागतो, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. खरा फरक स्पीकर आणि सुई घडवितात. खर्चाचा मोठा वाटा त्यांच्याच नावे राखून ठेवावा.

मग मुख्य प्रश्न उरतो तो यंत्राच्या आजच्या प्रकृतीचा. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधील द्रव काळाने सुकतो, आणि आतील तापमान दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारणतः निम्म्यावर येते. म्हणून सतत तापलेल्या वा बंद कपाटात ठेवलेल्या यंत्रात ते बदलावेच लागतात. २एससी४५८ सारख्या त्या काळच्या काही छोट्या ट्रान्झिस्टरांचे पाय काळे पडतात आणि शांत जागी चरचर, फुसफुस ऐकू येऊ लागते. आवाजाची खुंटी फिरविताना होणारी खरखर बहुधा सफाईच्या द्रवाने जाते, स्पीकर जोडणाऱ्या रिलेच्या टोकांवरील काजळीही स्वच्छ करता वा बदलता येते. ही दुखणी साधी आहेत आणि किंमत ठरविताना त्यांचा उपयोगच होतो. याच्या उलट, गंजलेली सांगाडापट्टी, जळका वास देणारा ट्रान्सफॉर्मर, कोणीतरी अनाडीपणे डाख लावून सोडलेली पट्टी, किंवा पुढील काचेवरील उडालेली अक्षरे यांवर इलाज नाही, किंवा आहे तो परवडणारा नाही. वर्षानुवर्षे बंद राहिलेले यंत्र थेट विजेला कधी लावू नये. शंभर वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडून ते चालू करावे, बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर पुढे जावे, तसाच धगधगत राहिला तर तत्काळ बंद करावे. स्पीकर जोडण्यापूर्वी यंत्राच्या स्पीकरसाठीच्या टोकांवर मीटर लावून एकदिश विद्युत्दाब पाहावा. तो पन्नास मिलिव्होल्टच्या आत असणे इष्ट, आणि व्होल्टभर निघाला तर ते यंत्र आपले स्पीकर जाळील हे समजावे. विक्रेता 'उत्तम चालते' असे म्हणतो त्याला या दोन चाचण्यांपुढे काडीची किंमत नाही.

महाराष्ट्रातील ग्राहकास आणखी काही अडचणींचा विचार करावा लागतो. १९९१ पूर्वीच्या आयातबंदीच्या काळात ही यंत्रे येथे आली ती मुख्यतः आखातात नोकरीस गेलेल्यांच्या आणि जहाजांवरील खलाशांच्या सामानातून. आज ती मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात अथवा परदेशातून मागविलेल्या पेट्यांत मिळतात. अमेरिकेचे यंत्र १२० व्होल्ट आणि ६० आवर्तनांसाठी बनलेले असते; विद्युत्दाब उतरविणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने व्होल्ट सुधारतात, पण आपल्याकडील ५० आवर्तने तशीच राहतात, आणि केवळ ६० साठी बेताने घडविलेला गाभा ५० वर अधिक तापतो. जपानच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० आवर्तने असल्यामुळे तेथील घरगुती यंत्र दोन्हींवर चालते. मात्र त्याला १०० व्होल्टच द्यावे लागतात, ११० नव्हे, आणि त्याची एफ.एम. पट्टी ९० मेगाहर्ट्झलाच संपत असल्याने मुंबईची १००.७ वरील एफ.एम. गोल्ड वाहिनी त्याला कधीच सापडणार नाही. सर्वांत निर्धोक निवड म्हणजे पाठीवर व्होल्ट बदलण्याची सोय असलेले निर्यातीचे अथवा लष्करी भांडाराचे यंत्र. काट्याच्या ट्यूनरचा आणखी एक लाभ येथे ध्यानात येतो : अमेरिकी आकड्यांचा ट्यूनर मध्यमलहरींवर दहा किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतो, तर आपल्याकडील केंद्रे नऊच्या अंतराने मांडलेली आहेत, त्यामुळे ५५८ वरील अस्मिता वाहिनी त्याच्या दोन पायऱ्यांच्या मध्ये सापडते, काट्याला पायऱ्याच नसतात. एफ.एम.वर तार स्वर मागे खेचण्याचे अमेरिकी प्रमाण ७५ मायक्रोसेकंदांचे आणि येथील ५० चे आहे, म्हणून तेथील यंत्र येथे किंचित मंद वाजते, आणि ट्रेबलची खुंटी थोडी पुढे केली की तो दोष बव्हंशी जातो. दुरुस्तीसाठी लॅमिंग्टन रोडवर वा पुण्याच्या तपकीर गल्लीत सुटे भाग मिळतात. कठीण आहे ते हे भाग बसविणारा अनुभवी हात मिळणे, आणि तो हात माहीत नसेल तर यंत्र घेण्याआधी शोधावा.

शेवटी ध्वनिमुद्रिकांविषयी, कारण बहुतेकांच्या घरी हे यंत्र येते ते त्यांच्यासाठीच. या पिढीच्या रिसीव्हरांत फोनोची, म्हणजे तबकड्यांचे यंत्र जोडण्याची, सोय असतेच, आणि ती बहुधा उत्तमही असते; परंतु ज्याच्या संग्रहात नाट्यगीतांच्या आणि जुन्या बैठकींच्या ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या आहेत त्याने पुढील पट्टीवर 'मोनो'चे बटण आहे की नाही हे आवर्जून पाहावे. लाखेच्या तबकडीत संगीत सुईच्या आडव्या हालचालीत कोरलेले असते, उभ्या हालचालीत केवळ खरखर असते. मोनोचे बटण दाबले की दोन्ही वाहिन्यांची बेरीज होऊन ही उभी खरखर परस्परांत नाहीशी होते, आणि वर हाय-फिल्टर असल्यास उरलेली फुसफुसही पुष्कळ शमते. अर्थात सुई तीन मिलची, म्हणजे एल.पी.च्या सुईहून कितीतरी जाड, वेगळी घ्यावी लागते, आणि या यंत्रांतील स्वरसमतोल १९५४ नंतरच्या आर.आय.ए.ए. प्रमाणाचा असल्याने जुन्या तबकड्यांसाठी खर्ज आणि तार यांच्या खुंट्या कानाने जुळवाव्या लागतात. यंत्राच्या पाठीवर 'टेप-आउट' नावाचे एक तोंड असते. त्यातून निघणारा संकेत आवाजाच्या आणि सुरांच्या खुंट्यांआधीचा, अस्पर्श असतो. तो संगणकाच्या लाइन-इनला जोडला तर घरातील दुर्मीळ तबकड्यांचे ध्वनिमुद्रण करून ठेवता येते. त्यासाठी मोनोचे बटण टेप-आउटच्या आधी लागते की नंतर, हे सेवापुस्तिकेतील आकृतीवरून पडताळून घ्यावे; नंतर लागत असेल तर दोन्ही वाहिन्या जशाच्या तशा मुद्रित करून बेरीज संगणकावर करावी.